वीतभर बाहुली

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी यंत्र होते, विद्या होती. नव्हते ते भांडवल. विमापत्रे आधीच तारण पडलेली. अशा वेळी त्यांनी मोठ्या चित्रपटाचा घाट घातला नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि अंकुर फुटल्यापासून वेल वर चढेपर्यंतचे चित्रण थोडे थोडे करीत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडू लागली. हा इवलासा चित्रपट त्यांनी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांच्यासारख्या मोजक्या माणसांना दाखविला आणि त्यातून पैशाची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्याच कामी आले. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आधीचा तो वाटाणा मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नसतो. तारण पाहून पैसे देणारे पुष्कळ असतात, वाटाणा पाहून देणारे थोडे.

दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. त्यात निर्जीव काड्या आपण होऊन हालचाल करतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच काड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता. युक्ती साधी आहे. वस्तू किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे. पुन्हा किंचित सरकवायची, पुन्हा एक चित्र. ही चित्रे ओळीने वेगाने दाखविली की वस्तू चालू लागते. या पद्धतीला आज स्टॉप मोशन म्हणतात. त्यासाठी आता लंडनला जावे लागत नाही. घरातला मोबाइल, तो स्थिर धरणारी तिकाटणी आणि चित्रे एकापुढे एक लावणारे एखादे अ‍ॅप एवढे साहित्य पुरते.

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा एखाद्या घरातील नववी-दहावीची मुलगी दिवाळीच्या सुटीत हे करू म्हणते, तेव्हा आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “किती लागतील?” प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तो म्हणजे, बाहुली केवढी? खर्च, वेळ, जागा, दिवे, कापड, एवढेच नव्हे तर चित्रपट पुरा होणार की माळ्यावर जाऊन पडणार, हे सारे या एका मापावर अवलंबून असते. फाळक्यांना आगकाडीचे माप ठरवावे लागले नाही. ते कारखान्याने ठरविलेले होते. बाहुली करणाऱ्याला मात्र माप स्वतःच ठरवावे लागते आणि नवखा माणूस येथेच चुकतो. तो एक तर फार मोठी बाहुली करतो, नाही तर फार लहान.

मोठी करण्याचा मोह कोठून येतो, हे कळण्यासारखे आहे. बाहुली म्हटली की आपल्याकडे रंगमंचावरची बाहुली डोळ्यांपुढे येते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवितात, त्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसाव्या लागतात. (त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि पिंगुळीचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले.) रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव तर माणसाशेजारी बसून माणसाशी वाद घालतो, तो मुठीएवढा असून कसे चालेल? परंतु स्टॉप मोशनच्या बाहुलीला प्रेक्षक एकच असतो, आणि तो तिच्यापासून हात-दीड हातावर बसलेला कॅमेरा होय. पडद्यावर ती केवढी दिसेल, हे तिच्या उंचीवर नव्हे, तर कॅमेऱ्याच्या अंतरावर आणि तिच्या भोवती ठेवलेल्या वस्तूंवर ठरते. १९३३ च्या ‘किंग काँग’ या अमेरिकन चित्रपटातील तो प्रचंड वानर ज्या बाहुल्यांनी साकारला, त्यांची उंची सुमारे १८ इंच होती. पाहणाऱ्यांनी तो गगनचुंबी इमारतीवर चढलेला पाहिला आणि ते घाबरले.

आता हिशेब पाहू. व्यापारी घरात तो सांगावयास फार शब्द लागू नयेत. बाहुलीची उंची दुप्पट केली की तिच्या कपड्याला कापड चौपट लागते आणि तिचे वजन आठपट होते. २० सेंटिमीटरची बाहुली १५० ग्रॅमची असेल, तर त्याच घडणीची ४० सेंटिमीटरची बाहुली १२०० ग्रॅम भरेल. आतला सांगाडा तारेचा असतो. तार दुप्पट जाड घेतली तर तिचे बळ वाढते खरे, पण पुढे केलेल्या हाताचे ओझे त्याहूनही वेगाने वाढते. परिणाम असा की, उचललेला हात पुढचे चित्र घेईपर्यंत केसभर खाली येतो. डोळ्यांना ते दिसत नाही. चित्रे पळू लागली की बाहुलीला कंप सुटल्यासारखे वाटते. खेरीज, जाड तार वाकविताना जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात हलविताना पायही हलतात. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बोटांना ते झेपत नाही.

मग लहान करावी, तर तेथेही अडचण आहे. मोठ्या माणसाचा अंगठा सुमारे २ सेंटिमीटर रुंद असतो. ८ सेंटिमीटरच्या बाहुलीचा सगळा हात ३ सेंटिमीटरचा; अंगठ्याखाली तो निम्म्याहून अधिक झाकून जातो. चालण्याचा हिशेब तर फारच बोलका आहे. नवख्याने सेकंदाला १२ चित्रे धरावीत. साधे पाऊल अर्ध्या सेकंदात पडते, म्हणजे एका पावलाला ६ चित्रे लागतात. २० सेंटिमीटरची बाहुली एका पावलात सुमारे ८ सेंटिमीटर जाते. प्रत्येक चित्रात तिला सव्वा सेंटिमीटरहून थोडे अधिक सरकवावे लागते. ८ सेंटिमीटरच्या बाहुलीला तेच अंतर जेमतेम ५ मिलिमीटर पडते. हाताने १ मिलिमीटरची चूक कोणाकडूनही होते. पहिल्या बाहुलीत ती तेराव्या हिश्शाची चूक, दुसरीत पाचव्या हिश्शाची. तीच चूक, पण एक जिरून जाते आणि दुसरी पडद्यावर धक्क्यासारखी लागते. शिवाय इतकी लहान बाहुली चित्रचौकटीत भरावयाची तर मोबाइल तिच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. मग त्याचीच सावली तिच्यावर पडते आणि तिला हलविण्यासाठी हात आत घालण्यास जागा उरत नाही.

या दोन टोकांमधली जागा आपल्या जुन्या मापाने नेमकी सांगता येते. ती म्हणजे एक वीत, सुमारे ९ इंच. तारेचा सांगाडा असलेल्या पहिल्या बाहुलीसाठी ८ ते १० इंच हे माप बहुतेकांना मानवते. सव्वापाच-साडेपाच फुटी माणूस एकास आठ या प्रमाणाने आठ-सव्वाआठ इंचांचा होतो. मग भोवतीचे जगही त्याच प्रमाणाने ठरते : दहा फूट रुंदीचे दुकान १५ इंचांत बसते, साडेसहा फुटी दार पावणेदहा इंचांचे होते. म्हणजे संपूर्ण दुकान टेबलाच्या एका कोपऱ्यावर मावते आणि घरातल्यांना त्याच टेबलावर जेवताही येते. हेच प्रमाण एकास चार धरले, तर दुकान अडीच फूट रुंद आणि तितकेच उंच होईल. त्याला स्वतंत्र खोली द्यावी लागेल, दिवे वाढवावे लागतील आणि आठवड्याने घरातले कोणी तरी म्हणेल की, आता हे उचला.

प्रमाण ठरविण्याची आणखी एक वाट आहे आणि ती अधिक घरगुती आहे. माणसापासून सुरुवात न करता वस्तूंपासून करावी. घरात कोठे तरी पितळेची भातुकली असतेच. त्यातला तांब्या मोजावा. खरा तांब्या सुमारे १५ सेंटिमीटर उंच आणि भातुकलीतला अडीच सेंटिमीटर असेल, तर प्रमाण एकास सहा झाले. त्याला साजेशी बाहुली २७ सेंटिमीटरच्या आसपास जाईल. ती विटेहून थोडी मोठी आहे, पण अजून हाताबाहेर गेलेली नाही. आयती चूल, आयते जाते, आयती भांडी मिळत असतील तर दोन-तीन सेंटिमीटर वाढवावेत. तांब्या याहून लहान निघाला तर बाहुलीही लहान होते; १५ सेंटिमीटरच्या खाली मात्र पहिल्या खेपेस जाऊ नये.

कथेतली सर्वांत महत्त्वाची लहान वस्तू कोणती, हेही आधी पाहावे लागते. मुंबईच्या ईकसॉरस स्टुडिओत सुरेश एरियत यांनी केलेला ‘टोकरी’ हा लघुपट याच पद्धतीचा आहे. वडिलांचे घड्याळ हातून मोडलेली मुलगी ते दुरुस्त करण्यासाठी रस्त्यावर टोपल्या विकू पाहते, अशी त्याची गोष्ट. पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचे ते काम पुरे होण्यास व्यावसायिक मंडळींनाही काही वर्षे लागली. नवख्याने अशी घड्याळाची गोष्ट निवडली, तर एकास आठ या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरची तबकडी सुमारे ४ मिलिमीटरची होते. तिच्यावर काटे कोण काढणार? अशा वेळी वस्तू दोन मापांत करावी. एक बाहुलीच्या हातात देण्याची आणि दुसरी, मोठी, फक्त जवळून दाखविण्याची. यात कसलीही फसवणूक नाही. ‘किंग काँग’मध्येही १८ इंची बाहुल्यांच्या जोडीला प्रचंड मस्तक आणि प्रचंड हात वेगळे बनविलेले होते.

पाठशाळेतली मुले गोष्ट निवडताना बहुधा मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्तीकडे वळतील आणि त्यांची निवड चुकीची म्हणता येणार नाही. वणवा पेटलेला, मोकळ्या केलेल्या मंडलात सारे प्राणी दाटलेले. हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागी ससा येऊन बसला. अडीच दिवस तो पाय खाली आला नाही. मापांच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी अवघड आहे, आणि हालचालीच्या दृष्टीने तितकीच सोपी. दहा फुटी हत्ती एकास आठने केला तर १५ इंचांचा होईल. तो जड, त्याची सोंड जड, त्याच्या पोटात कापूस भरता भरता सुटी संपावयाची. हत्तीला विटेत बसवावयाचे तर प्रमाण साधारण एकास चौदा होते. मग बसलेला ससा दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा उरतो. त्याचे कान हलविण्यासाठी चिमटा लागेल. यावर उपाय तोच, दोन मापांचा. विटेएवढ्या हत्तीपाशी ससा ४ सेंटिमीटरचा करावा; तो प्रमाणाहून मोठा आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्याला ससा दिसणेच महत्त्वाचे असते. आणि जवळच्या दृश्यासाठी हत्तीचा केवळ एक पाय, कापडाच्या ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची जाड नळी घेऊन, वेगळा करावा. त्याखाली ८-१० सेंटिमीटरचा दुसरा ससा. त्या दृश्यात त्याचे कान, मिशा, भिजलेले डोळे, सारे करता येते.

सोपेपणा असा की, हत्तीला चालावयाचे नाही. दोन पायांवर चालणारी बाहुली ही नवख्याची खरी परीक्षा असते, कारण प्रत्येक पावलागणिक तिचा सगळा भार एका पायावर येतो. तीन पायांवर स्थिर उभा असलेला हत्ती तिच्याहून पुष्कळ बरा. तीन पायांमधल्या त्रिकोणाच्या आत भार पडेल एवढे पाहिले की तो पडत नाही. मात्र अगदी निश्चल ठेवला तर तो छायाचित्रासारखा दिसेल. शेपटीचे टोक, कान, सोंडेची अग्रे अधूनमधून हलली पाहिजेत. येथे एक सूचना केली तर अप्रस्तुत ठरू नये. तीर्थंकरांची बाहुली मुलांनी करू नये. नाटकातही आपण ती मर्यादा पाळतो. हत्ती, ससा, राजा, व्यापारी यांच्या गोष्टी थोड्या नाहीत.

सामग्रीविषयी थोडक्यात. सांगाड्याला अ‍ॅल्युमिनिअमची दीड मिलिमीटर जाडीची तार दुहेरी पिळून घ्यावी. विटेएवढ्या बाहुलीला ती पुरते. तांब्याची तार वारंवार वाकविल्याने कडक होते आणि तुटते. डोके, छाती आणि कंबर यांना एम-सीलचे गोळे घट्ट बसवावेत, म्हणजे वाकावयाचे तेथेच ती वाकेल. पावलात लोखंडी नट बसवावा. अंगावर कापूस आणि वर कापड. कापडाच्या व्यापाऱ्याला हे सांगावयास नको की, जाड कापड लहान अंगावर पडत नाही, ताठ उभे राहते. मलमल किंवा धुऊन मऊ झालेले पॉपलीन घ्यावे. चौकडा घ्यावयाचा तर बारीकात बारीक. मोठ्या फुलांचे छापील कापड विटेएवढ्या बाहुलीला नेसविले, तर एकच फूल तिचे पोट व्यापते आणि ती बाहुलीच आहे, हे क्षणात उघडे पडते. काँगच्या अंगावर सशाची फर होती. दर चित्राला हाताळणाऱ्याची बोटे तीवर उमटत आणि पडद्यावर केस सारखे उसळत. आपल्या हत्तीला फर लागत नाही, ही गोष्ट दोन्ही अर्थांनी चांगली झाली.

केवळ मातीची, म्हणजे तेलकट क्लेची, बाहुली करावयाची असेल तर माप आणखी उतरवावे. तारेवाचून ती १० सेंटिमीटरच्या वर नेऊ नये, बसकी आणि रुंद पायांची करावी. परभणी जिल्ह्यातला मे महिना पाहता उन्हाळ्याच्या सुटीत तर नकोच. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा असा क्ले दुपारपर्यंत मऊ पडतो आणि बाहुली स्वतःच्याच भाराने वाकू लागते. पंखा लावला तर तिचे कपडे हलतात, बंद केला तर ती वितळते.

जमिनीसाठी किराणा दुकानातला तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा आणावा. त्याच्या चारही बाजू एका पट्टीत उलगडल्या की सुमारे ९४ सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद असा पत्रा मिळतो. एकास आठच्या प्रमाणात ही साडेचोवीस फूट लांबीची आणि नऊ फुटांहून थोड्या अधिक रुंदीची जागा झाली; सोनपेठच्या बाजारातली दोन दुकाने शेजारी शेजारी उभी करता येतील. पत्रा कापण्याचे काम पत्रेवाल्याकडूनच करून घ्यावे आणि कडांना जाड चिकटपट्टी लावावी. हा पत्रा लोखंडाचा असल्याने खालून शक्तिशाली लोहचुंबक लावला की पावलातला नट वरून धरून राहतो. येथेही माप आड येते. विटेएवढी बाहुली एका पायावर चुंबकाने तोलता येते. दीड फुटीला खालून बोल्ट आवळावे लागतात, म्हणजे दर पावलाला फळीत भोक पाडावे लागते. पार्श्वभूमीला दुकानातली खोकी आहेतच.

दिव्याचे एक पाहावे. गावात विजेचा दाब वर-खाली होतो आणि त्याबरोबर दिव्याचा उजेडही. चित्रे पळविली की सगळे दृश्य लुकलुकते. बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा घ्यावा, खिडकी जाड चादरीने झाकावी, मोबाइलमधील उजेड आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करावेत. लहान देखाव्याला असे दोन दिवे पुरतात.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे यावे. सेकंदाला १२ चित्रे धरली तर एका मिनिटाला ७२० होतात. एका चित्राला एक मिनिट लागले, तरी १२ तास झाले. नवख्याला त्याहून अधिकच लागतील. म्हणून पहिला चित्रपट २० सेकंदांचा असावा. २४० चित्रे, दोन-तीन दुपारची कामे. तार, एम-सील आणि चुंबक एवढेच काय ते विकत. कापड, पत्रा, खोकी दुकानातली, मोबाइल घरातला. या खर्चाला घरात कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. हरकत येते ती अर्धवट पडलेल्या कामाला, आणि एकदा अर्धवट पडलेल्या कामानंतर त्या मुलीला दुसऱ्यांदा मागणेही जड जाते.

तेव्हा तार विकत आणण्यापूर्वी एक दुपार मापांसाठी द्यावी. गेल्या लग्नसराईतील जाड पत्रिका काढाव्यात. त्यांतून एकाच माणसाची आकृती तीन उंचीत कापावी : १२ सेंटिमीटर, २० सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर. मोठीसाठी दोन पत्रिका जोडाव्या लागतील. मागे टेकू लावून प्रत्येकीला पत्र्यावर उभी करावी, मागे खोके ठेवावे, मोबाइल समोर लावावा आणि एकेक चित्र घ्यावे. नंतर मुलीने प्रत्येक आकृती हाताने उचलून, खोक्याला धक्का न लावता, पुन्हा त्याच जागी ठेवून पाहावी. दहा वेळा. कोणत्या आकृतीच्या वेळी मनगट खोक्याला लागते आणि कोणत्या वेळी लागत नाही, हे शेजारी बसलेल्या आजोबांनाही दिसेल.